गाइडला अकरा डॉलर

सूड उगवायचा असेल तर पोटभर जेवून उगवावा. रिकाम्या पोटी माणूस चटकन माफ करून टाकतो, आणि मला चारुदत्तला माफ करायचं नव्हतं. म्हणून त्या शुक्रवारी मी वरणभात दोनदा वाढून घेतला आणि मग गाडीत जाऊन बसले.

चारुदत्त म्हणजे माझ्या जावयाचा, रवीचा, मॅनेजर. दोन हजार तीन साल होतं. मी नागपूरहून सहा महिन्यांसाठी टेक्सासमध्ये, अर्विंगला, लेकीकडे आले होते. रुचा माझी धाकटी. तिचं आणि रवीचं छान चाललं होतं. नातीची शाळा, तीन खोल्यांचं अपार्टमेंट, ग्रीन कार्डाची फाइल अर्ध्या वाटेवर. आणि ऑगस्टमध्ये चारुदत्तने माती केली.

काय झालं ते सांगते. टकर म्हणून एक मोठे गृहस्थ, टेक्सासभर त्यांची टायरची गोदामं. त्यांचं कॉम्प्युटरचं काम रवीच्या कंपनीकडे. एका शनिवारी चारुदत्तचा रवीला फोन, "नवीन सिस्टिम आजच चालू कर." रवी म्हणाला, "अजून टेस्ट नाही केलीय." हा म्हणाला, "मी सांगतोय ना? कर." रवीने केली. सोमवारी टकरांचे तीनशे ट्रक दिवसभर जागच्या जागी उभे. रवी म्हणतो चाळीस. मला तीनशे बरे वाटतात.

मीटिंगमध्ये टकरांनी विचारलं, हे कुणी केलं? चारुदत्तने सरळ रवीकडे बोट केलं. म्हणाला, मला न विचारता केलं. झालं! फोनवरचं बोलणं, लेखी एक कपटा नाही. याचा शब्द आणि त्याचा शब्द, आणि मॅनेजरचा शब्द जड. रवीला सांगितलं, एकतीस डिसेंबरपर्यंत काम कर, मग येऊ नकोस. नोकरी गेली की व्हिसा गेला, फाइल गेली, सगळ्यांनी विमानात बसायचं. रुचाने सोफा विकायची चिठ्ठी इंडियन ग्रोसरीच्या बोर्डावर लावून पण टाकली. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची पोरगी. तिला वाटायचं मला ऐकू येत नाही. मला भिंतीपलीकडची पाल ऐकू येते.

आणि हा चारुदत्त एका संध्याकाळी आमच्याच दारात, हसत!

"काकू, काय वास सुटलाय हो! थालीपीठ?"

बसला, चार खाल्ली, वर लोणी मागितलं. मग मुद्द्यावर आला. टकर दरवर्षी हरणांचा सीझन सुरू झाला की ब्राउनवुडच्या पलीकडे त्यांच्या रँचवर पाहुण्यांना शिकारीला नेतात. चारुदत्तला आणि रवीला त्यांनी जुलैमध्येच बोलावलं होतं. ट्रक नंतर थांबले, पण टेक्सासचा माणूस एकदा दिलेलं आमंत्रण मागे घेत नाही म्हणे.

"पण माझी पंचाईत अशी आहे काकू, मी प्युअर व्हेज. तिथे तीन दिवस सगळं मटणच मटण. तुम्ही चला ना. पिठलंभात कराल, तुमचंही फिरणं होईल."

"तू व्हेज आणि शिकारीला चाललास?"

"खाणार नाही हो. नुसतं मारणार."

"म्हणजे जीव घेतलेला चालतो, फोडणी तेवढी द्यायची नाही."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गमतीत बोलतेय. रुचा आतून डोळे वटारत होती, नाही म्हण, नाही म्हण. मी म्हटलं, "येते की. माझे वडील चांद्याच्या जंगलात फॉरेस्ट गार्ड होते. साहेब लोकांना शिकारीला न्यायचे. माझं अर्धं बाळपण मचाणाखाली गेलंय." हे खरं आहे. बाळपणी मी एकदा वाघाची शेपटी धरली होती हेही मी सांगते, ते जाऊ द्या.

आता माझी एक सवय. कुठे जायचं तर तिथली रीत आधी विचारून घ्यायची. आमच्या शेजारी बार्बरा म्हणून बाई राहायच्या. नवरा चाळीस वर्षं शिकार करायचा, दोन वर्षांपूर्वी वारला. थालीपिठाची ताटली घेऊन मी त्यांच्या दारापाशी गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, शिकारीच्या गाइडला काय द्यायचं असतं? बाई खूश झाल्या. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं किती दिवसांत. म्हणाल्या, शेवटच्या दिवशी द्यायचं, रोख, त्याच्याच हातात, मालकामार्फत नाही. शिकारीचा जो खर्च त्याच्या दहा टक्क्यांपासून वीसपर्यंत. जनावर पडो न पडो, मेहनत त्याने केलेली असते. स्वयंपाक करणारीला वेगळं. आणि मुख्य म्हणजे घडी करून, हात मिळवताना, गुपचूप. मोजायचं नाही, भाषण करायचं नाही. तो तुमच्यासमोर बघतही नाही, सरळ खिशात टाकतो.

मला ऐकून बरं वाटलं. आमच्या बाबांनाही असंच आवडलं असतं.

तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं हं. देवाशपथ. फार तर त्याच्या पिठल्यात मीठ जास्त घालू, एवढंच ठरवलं होतं. बाकीचं चारुदत्तने स्वतः सुचवलं, गाडीत.

रवी गाडी चालवत होता, चारुदत्त त्याच्या शेजारी, मी मागे. फोर्ट वर्थ मागे पडलं आणि चारुदत्तने नव्या जॅकेटच्या खिशातून एक पांढरं पाकीट काढलं. जॅकेट ते पानापानांच्या रंगाचं, शिकारीचं, चौदा खिसे असलेलं. मानेपाशी लेबल तसंच लोंबत होतं. मी सांगितलं नाही.

"टकरच्या सेक्रेटरीने दिलंय," तो म्हणाला. "टिपसाठी. आपल्याला खर्च नको म्हणून. गाइडला तीनशे, कुकला शंभर. चारशे डॉलर! झाडावर बसवायचे आणि खाली उतरवायचे! यार, पुण्यात एवढ्यात अख्खं लग्न होतं."

रवी म्हणाला, "त्यांनी लिहून दिलंय ना, मग तेवढेच देऊन टाका."

"तू गप्प रे. तू डोकं चालवलंस की लोकांचे ट्रक थांबतात."

रवीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मागून मला त्याचे कान दिसत होते, लालभडक. आणि खरं सांगू, त्या मिनिटाला मी ठरवलं. मीठबिठ नाही. आता या माणसाची मुळं उपटायची.

चारुदत्त मागे वळला. "काकू, तुमच्या वडिलांना साहेब लोक काय द्यायचे हो?"

बघा. ऑफिसात चार अमेरिकन पोरं शिकारीला जाणारी, एकालाही याने विचारलं नव्हतं. विचारलं तर कमीपणा. आणि ज्याला पैसे वाचवायचे असतात तो बरोबर अशा माणसाला विचारतो जो कमी आकडा सांगेल.

"फार मोठी गोष्ट आहे बाप्पा," मी म्हटलं. "एका संस्थानाचे राजे आले होते. बाबांनी त्यांना सात दिवसांत नऊ वाघ दाखवले. शेवटच्या दिवशी राजांनी दरबार भरवला जंगलात. हत्ती उभे, दोनशे हाकेवाले उभे, बायका झाडांवर. बाबांना पुढे बोलावलं. सोन्याचं ताट आणलं होतं, ते राजांनी हाताने बाजूला सारलं. म्हणाले, या माणसाला पैसा दिला तर त्याचा अपमान होईल. आणि पाकिटात एक्कावन्न रुपये घालून दिले. बाबा रडले. हत्ती रडला."

"हत्ती?"

"एक डोळा."

रवीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्या गोष्टी माहीत आहेत. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्हणजे आकडा महत्त्वाचा नाही," चारुदत्त म्हणाला. "जेश्चर महत्त्वाचं."

"तू शहाणा आहेस. एक्कावन्न दे."

"एक्कावन्न... काकू, ते रुपये होते ना? एक्कावन्न डॉलर म्हणजे फार होतात. एकवीस?"

"तुझी मर्जी."

"अकरा करूया. अकरा शुभ असतात."

तो स्वतः उतरला, पायरी पायरी, मी फक्त जिना दाखवला. "पण मग थाटात द्यावं लागेल," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. टकर साहेब समोर पाहिजेत. उभं राहून दोन शब्द बोलायचे, गाइडचं काम कसं झालं ते सांगायचं. माझ्या बॅगेत आहेराची पाकिटं आहेत, सोनेरी गणपतीवाली. आत छानसं कार्ड घालू."

त्याने जरा विचार केला. तेवढी अक्कल होती. "टकरसमोर... पण पाकीट बंद असेल ना काकू?"

"आहेराचं पाकीट कुणी समोर फोडतं का रे?"

"नाही, तेही खरं."

आपल्याकडे नाहीच फोडत. लग्नात पाकीट घेतलं की नवऱ्याच्या आईच्या पिशवीत, आणि आकडा घरी गेल्यावर. पण मी दोन महिन्यांपूर्वी नातीबरोबर तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले होते. या लोकांचं उलटं असतं. दिलेली वस्तू तिथल्या तिथे फोडली नाही तर देणाऱ्याचा अपमान. रिबन सोडतात, कागद टराटरा फाडतात, कार्ड मोठ्यांदा वाचतात, आणि सगळे गोल करून बघत उभे. चारुदत्त सहा वर्षं अमेरिकेत होता, पण एका अमेरिकन घराचा उंबरा त्याने ओलांडला नव्हता. ऑफिसातल्या ख्रिसमसच्या जेवणाला पण प्युअर व्हेजचं निमित्त करून दांडी. हात मिळवताना दिलेली टिप कुणी बघत नाही. पण गणपतीच्या पाकिटात, कार्ड घालून, भाषण करून दिली की तिची भेटवस्तू होते. आणि भेटवस्तू उघडतात.

"उरलेल्याचं मग बघू," असं म्हणत त्याने पांढरं पाकीट जॅकेटच्या आतल्या, डाव्या खिशात घातलं. "टीमला जेवण-बिवण."

रँचवर आम्हाला घ्यायला होलिस आला. तोच गाइड. सत्तरीचा, उसासारखा उंच आणि वाळलेला, बोलायचा इतकं कमी की वाक्य पूर्ण व्हायला जेवणाची वेळ व्हायची. मला त्याने हात धरून गाडीतून उतरवलं आणि "मॅम" म्हणाला. टकर स्वतः ओट्यावर उभे होते, मोठं पोट, बारीक डोळे. रवीशी त्यांनी हात मिळवला, पण घाईत, भांडं गरम आहे का बघतात तसा. ते मला लागलं.

स्वयंपाकघरात लूपे. मेक्सिकोकडची, माझ्या रुचाएवढी. तिला मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही, इंग्रजी दोघींचं सारखंच. तिने माझ्या पोळ्या बघितल्या, मी तिच्या पोळ्या बघितल्या, आणि ओळख झाली. होलिसबद्दल तीच बोलली. म्हणाली, टकर साहेब लहान होते तेव्हा होलिसनेच त्यांना बंदूक धरायला शिकवली. टिपेचं त्याला काही नसतं असं दाखवतो, पण कुणी कसा हात मिळवला ते वर्षानुवर्षं विसरत नाही.

शनिवारी शिकार. होलिसने चारुदत्तला पहाटे उठवून एका उंच लाकडी खोपटात बसवलं. समोर शंभर पावलांवर मक्याचं पिंप, त्यातून दाणे पडतात आणि हरणं येतात. आमच्या हाक्यापेक्षा आळशी पद्धत आहे, पण चालायचं. चारुदत्तने डोक्याला वाटीभर खोबरेल थापलं होतं. दोन मैलांवरची हरणं शिंकून परत गेली. त्यात याला खोकला. मग उतरताना पाय घसरला आणि हा जो बसला तो थेट निवडुंगात. होलिसने त्याला खांद्याला धरून आणला, ओट्यावर पालथा घातला आणि पक्कड घेऊन काटे उपटले. चारशे काटे. बरं, साठ. दुपारी परत घेऊन गेला, स्वतःचं कांबळं बसायला दिलं, चार तास बंदुकीचं ओझं स्वतः उचललं. शेवटी चारुदत्तने बार काढला तो मक्याच्या पिंपाला. होलिस म्हणाला, "गुड नॉइज." एवढंच.

हरीण पडलं ते टकरांच्या हातून. रवीने बंदूक उचललीच नाही. तो होलिसबरोबर पिंपाला पडलेलं भोक पत्र्याने बुजवत बसला होता, आणि दोघं काहीतरी बोलत होते. होलिस बोलत होता म्हणजे बघा.

संध्याकाळी होलिस स्वयंपाकघराच्या दारात आला. हातात कागदाची पिशवी. रँचवरच्या झाडाचे पिकान, आपल्या अक्रोडासारखे, सोलून, साफ करून. "फॉर यू, मॅम." मी पिशवी घेतली. या माणसाच्या हातात उद्या सगळ्यांसमोर अकरा डॉलर पडणार होते. माझ्यामुळे. मी चारुदत्तला अजून थांबवू शकत होते. ओट्यावर गेले पण. तो तिथे आरामखुर्चीवर उशी घेऊन तिरका बसला होता आणि रवीला सांगत होता, "एक्सपीरियन्स सर्टिफिकेट मागू नकोस बरं का माझ्याकडे. मी काय लिहू? तूच सांग."

मी आल्या पावली परत फिरले. पाकीट काढलं, कार्ड काढलं, आत चारुदत्तने दिलेली दहाची नोट ठेवली, वर एक डॉलरचं नाणं गोंदाने चिकटवलं. त्या पाकिटाला इतकं कुंकू लावलं की गणपती आजारी दिसायला लागला.

रवीला मात्र बाजूला घेतलं. माझ्याजवळ रुचाच्या बाबांनी येताना दिलेल्या शंभर शंभर डॉलरच्या दोन नोटा होत्या, अडीअडचणीला. त्या त्याच्या हातात दिल्या. "उद्या निघताना होलिसशी हात मिळव. घडी करून. एक त्याला, एक लूपेला. कुणाला दिसता कामा नये."

"आई, ते चारुदत्त देणार आहेत ना?"

"तू दे."

"आई, तुम्ही काय करताय?"

"मी पोळ्या करतेय. जा."

रविवारी सकाळी सगळे नाश्त्याला. लांब टेबल, टकर एका टोकाला, होलिस टोपी मांडीवर ठेवून बसलेला, लूपे तव्यापाशी. चारुदत्त उभा राहिला. चमच्याने ग्लास वाजवला. मला वाटतं कुठल्यातरी सिनेमात बघितलं असणार.

"मिस्टर टकर, होलिस," तो इंग्रजीत म्हणाला, "आमच्या देशात शिकारीची एक रॉयल परंपरा आहे. गाइडचा सन्मान करायचा. होलिसचा परफॉर्मन्स या वीकेंडला चांगला होता. टाइम मॅनेजमेंट चांगलं. हरणं आणण्यात थोडा इम्प्रूव्हमेंटला स्कोप आहे. पण ओव्हरऑल, मीट्स एक्स्पेक्टेशन्स."

आणि वाकून, दोन्ही हातांनी, गणपतीचं पाकीट दिलं.

होलिसला काय करावं कळेना. त्याने पाकीट उलटंसुलटं केलं. "वेल," तो म्हणाला. "इट्स प्रिटी."

"ओपन इट!" लूपे तव्यापासून ओरडली. झारा हातात घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली. टकरपण पुढे वाकले, हसून. "गो ऑन, होलिस. रीड अस द कार्ड."

चारुदत्तचा चेहरा! तुम्ही बघायला पाहिजे होता. "नो नो," तो म्हणाला, "नंतर. घरी. आमच्यात नंतर उघडतात." आणि हात पुढे करून पाकीट परत घ्यायला गेला. पण होलिसने चष्मा लावला होता, आणि त्या माणसाने एकदा काम सुरू केलं की ते पूर्ण करतोच. नखाने पाकीट सोडवलं. कार्ड बाहेर ओढलं. कार्डातून दहाची एक नोट निसटली आणि अंड्याच्या बशीत पडली.

लूपेने पाकिटात डोकावून पाहिलं. मग होलिसकडे पाहिलं. मग तव्याकडे गेली.

होलिसने नोट उचलली, रुमालाने अंडं पुसलं, कार्डात परत ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, अगदी रवीच्या झाल्या होत्या तशा. "थँक यू, सर," तो म्हणाला.

तेव्हा मला वाटलं, सरले, तू वाईट बाई आहेस. वाटलं आणि ते खरंच आहे. पण टकरांनी कप खाली ठेवला होता, त्यामुळे मला जास्त वेळ वाटून घेता आलं नाही.

"चारू," ते म्हणाले. "बाकीचे कुठे आहेत?"

"सर, ही आमची कस्टम आहे. अकरा. शुभ असतात. या आंटींनी सांगितलं. मला माहीत नव्हतं, यांनीच सांगितलं."

टकरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तीन दिवसांत मी तिथे येस, नो आणि थँक्यू याच्यापलीकडे गेले नव्हते. सगळ्यांना वाटत होतं म्हातारीला काही कळत नाही.

"मॅम? तुम्ही सांगितलं?"

"आय सेड फिफ्टी-वन," मी म्हटलं. "ही सेड इलेव्हन."

लूपे तव्याकडे तोंड करून खोकली.

"आणि माझं पाकीट?" टकरांनी चारुदत्तला विचारलं. आवाज इतका हळू की मी पण पुढे वाकले. "माझ्या ऑफिसातून तुला दिलेलं?"

आता बघा. इथे तो खरं बोलला असता ना, की चुकलो, लोभ सुटला, हे घ्या, तर टकर दोन मिनिटं रागावले असते आणि संपलं असतं. माझा सूड अर्धवट राहिला असता. पण माणसाचा हात सवयीच्या जागी जातो. चारुदत्तने बोट उचललं आणि सरळ रवीकडे केलं.

"रवीकडे आहे, सर. मी त्याला हँडल करायला दिलं होतं. त्याने मला न विचारता..."

न विचारता. तेच शब्द. ऑगस्टमधलेच, धुवून इस्त्री केलेले.

रवी पांढराफटक पडला. टकरांचे बारीक डोळे चारुदत्तच्या बोटावर होते. त्यांनी ते बोट आधीही बघितलं होतं.

"जॅकेट," मी म्हटलं. "इनसाइड. लेफ्ट."

टकर उठले नाहीत, ओरडले नाहीत, झडती घेतली नाही. त्यांनी फक्त टेबलावर हात पालथा ठेवला आणि मग उताणा केला. आणि वाट बघितली. लूपेचं तव्यावरचं अंडं करपेपर्यंत वाट बघितली. चारुदत्तने खिशात हात घातला, चुकीच्या खिशात, मग दुसऱ्या, त्या मेल्याला चौदा होते, आणि शेवटी पांढरं पाकीट काढून त्या हातावर ठेवलं.

टकर आतलं बाहेर काढून होलिसपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहून त्यांनी हात मिळवला. मग लूपेशी. कुणाला काही दिसलं नाही. रीत म्हणजे रीत. मग येऊन खुर्चीत बसले आणि रवीला म्हणाले, "ऑगस्टमध्ये. ती सिस्टिम तू चालू केलीस की तुला चालू करायला सांगितलं?"

रवीने चारुदत्तकडे पाहिलं. अजूनही! मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"सांगितलं, सर. फोनवर. मी म्हटलं होतं, टेस्ट झालेलं नाही."

"तेव्हा का बोलला नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, सर."

"आता मी विचारतोय," टकर म्हणाले. आणि टोस्टला लोणी लावायला लागले. रवीने सांगितलं. सगळं, तारीखवार, वेळेसकट. चारुदत्त मध्ये एकदा "अॅक्च्युअली" म्हणाला. होलिस म्हणाला, "सन, हश." त्या तीन दिवसांतलं ते त्याचं सगळ्यात कडक बोलणं.

निघताना टकर रवीला ओट्यावर म्हणाले, "सोमवार, नऊ वाजता, माझ्या ऑफिसात. तू एकटा." आणि हात मिळवला, या वेळी भांडं गरम नव्हतं. रवीने गाडीत सामान ठेवता ठेवता होलिसशी हात मिळवला. होलिसने घडी खिशात टाकली, बघितली नाही, पण हात लगेच सोडला नाही. माझ्याकडे मात्र तो जरा वेळ बघत राहिला. त्याला कळलं होतं, मला वाटतं. मी मान खाली घातली. त्याने टोपीला हात लावला. माफ केलं की नाही ते टेक्सासच्या लोकांच्या टोपीवरून कळत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. एकतीस डिसेंबर आला आणि गेला. टकरांनी रवीच्या कंपनीला सांगितलं की काम ठेवायचं तर हा मुलगा ठेवा आणि तो दुसरा मला दिसता कामा नये. रुचाने सोफ्याची चिठ्ठी स्वतः जाऊन काढून आणली. चारुदत्तची बदली लांब उत्तरेकडे, पार्सिपनीला झाली, खालच्या जागेवर. मी लोकांना अलास्का सांगते.

पण माझं मन भरलं ते त्याआधीच, परतीच्या गाडीत. टकरांनी रवीला हरणाचं मटण भेट दिलं होतं, मोठी बर्फाची पेटी भरून. डिकीत बॅगा, माझ्या पायाशी पिकान आणि डबे. पेटीला जागाच नाही. शेवटी ती चारुदत्तच्या मांडीवर आली. प्युअर व्हेज माणूस, निवडुंगावर बसलेला, आणि मांडीवर चाळीस पौंड हरीण. अर्विंगपर्यंत तीन तास.

फोर्ट वर्थ आलं. तेव्हा तो मागे न बघता म्हणाला, "काकू, तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"मी काय केलं बाळा? मी तर पिठलं केलं."

आणखी दहा मैल गेले. मग तो रवीकडे वळला. आवाज अगदी लहान झाला होता.

"रवी, सॉरी यार. खरंच. माझं चुकलं."

रवीने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"पेटी सरळ धरा," तो म्हणाला. "सीटवर पाणी गळतंय."